हे अव्वलचं आहे

आधी हातातला चहा संपवा. मधेच हसू आलं तर तो नाकातून येईल आणि दोष मला द्याल. संपला? बरं. तर मंडळी, मी आयुष्यात केलेल्या घोटाळ्यांची यादी काही लहान नाही. पण बाकीचे घोटाळे माणसांच्या साक्षीनं झाले. हा एका बोकडाच्या साक्षीनं झाला, आणि त्या बोकडाचं नाव माझंच होतं!

थांबा, क्रमानं सांगतो. क्रम सोडला की कारकुनाचा जीव घाबरतो.

मी जाफराबादच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. अव्वल म्हणजे पहिला. निजामाच्या काळापासून चालत आलेला रुबाबदार शब्द. नाव पहिल्याचं, खुर्ची मात्र कोपऱ्यातली, खिडकीचे गज तुटलेल्या बाजूला. गावात माझं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. भाजीवालीपासून जीपवाल्यापर्यंत सगळे ‘अव्वलसाहेब’च म्हणतात. कचेरीत तर नुसतंच ‘अव्वल’. साहेब एखादा कागद बाजूला सारून म्हणायचे, “हे अव्वलचं आहे,” की शिपाई गफूर तो उचलून मुकाट्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. तीस वर्षं हे चाललं. कागद कशाचा आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही. का आणलास, हे मी कधी विचारलं नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं याच वाक्यानं माझी कंबर धरली.

गफूर माझ्यामागं वर्षभरानं निवृत्त झाला आणि त्यानं शेळ्या पाळल्या. त्यातली एक शेळी बाळंतपणात गेली. मागं राहिलेलं काळंभोर पिल्लू गफूरनं बाटलीवर वाढवलं. आता शिपायाच्या हाताला तीस वर्षांचं वळण चहाचं. दूध तापवायला ठेवलं की त्यात पत्ती आपोआप पडायची! पिल्लू चहावर वाढलं. सकाळी एक बशी, दुपारी एक बशी. त्याचं नाव ठेवलं अव्वल.

“साहेब, जिंदगीत एकच अव्वल बघितला,” गफूर मला म्हणाला. “दुसरा हा.”

मला बरं वाटलं. पुढं त्या अव्वलला शिंगं आली, दाढी आली, अंगाला वास यायला लागला, तेव्हा तितकंसं बरं वाटेनासं झालं.

बोकड दिसायला देखणा. उस्मानाबादी जातीचा, अंगावर हात फिरवला तर घसरावा असा तुकतुकीत. पण डोकं? दिसेल त्याला धडक! रजियाभाभी, म्हणजे गफूरची बायको, दोनदा हौदात पडली. मागच्या वर्षी पशुप्रदर्शनात परीक्षक दात बघायला वाकले आणि सरळ जाऊन बैलांच्या विभागात बसले. अव्वल स्पर्धेतून बाद.

यंदा प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना गफूर हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसला. चहा आला तरी कपाला हात लावेना. तीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच बघत होतो.

“काय झालं रे?”

“साहेब, घरात फैसला झाला. या वर्षी नंबर आला तर बोकड राहील. न्हाई आला तर बायको बोल्ती, मी तरी राहीन, न्हाई तर तो तरी. आष्टीचा व्यापारी बघून बी गेला.”

आष्टीचा व्यापारी बोकड पाळायला नेत नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

“हातावर वाढवला साहेब,” गफूर म्हणाला आणि पंच्यानं नाक पुसायला लागला. “रात को मेरा हात चोखत झोपायचा.”

“अरे, मग चहा बंद कर त्याचा! चहानंच डोकं फिरतंय.”

“करून बघितलं. तीन दिवस पाल्याला तोंड लावलं न्हाई. पोट पाठीला लागलं. प्रदर्शनात काय हड्ड्या दाखवू?”

मी कप खाली ठेवला. “गफूर, तू बिलकुल काळजी करू नको. मी बघतो. तुझ्यापर्यंत कागद येईल.”

कागद येईल म्हटल्यावर गफूरचा चेहरा उजळला. शिपायाचा कागदावर जितका विश्वास असतो, तितका लिहिणाऱ्याचाही नसतो.

आता तुम्ही विचाराल, मला बोकडातलं काय कळतं? काही नाही. पण मी वाचतो ना! आमच्या वाचनालयात येणारं प्रत्येक मासिक मी पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतो. त्यातल्याच एकात प्राण्यांच्या वर्तनावर लेख होता. नर उंदराला उत्तेजक दिलं की तो पिंजऱ्यात सैरावैरा पळतो. पण नराचं हार्मोन अडवणारं औषध आधी दिलं, तर त्याच उत्तेजकाचा परिणाम बदलतो, उंदराची धावपळ कमी होते. लेख पुढच्या पानावर ‘मात्र’ या शब्दानं सुरू होणार होता. पण पुढचं पान कुणीतरी लोणच्याच्या कृतीसाठी फाडून नेलं होतं. मी म्हटलं, ‘मात्र’नंतर काय असणार? किरकोळ असेल!

मंडळी, सरकारी कागदात सगळा अर्थ ‘मात्र’नंतरच असतो, हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं. असो.

माझ्या डोक्यात गणित जुळलं. उत्तेजक म्हणजे चहा. नर म्हणजे अव्वल. राहिलं हार्मोन अडवणारं औषध. आणि ते कुठं होतं? माझ्याच कपाटात!

त्याचं असं, की मला प्रोस्टेटचा त्रास. रात्रीतून चार वेळा उठायचं. जालन्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मी पाकिटातला चिटोरा भिंग लावून वाचला. त्यात लिहिलेलं, ही गोळी पुरुषी हार्मोनचं काम अडवते. बाप रे! म्हटलं, या वयात जे थोडंफार शिल्लक आहे ते कशाला अडवायचं? गोळ्या बंद केल्या आणि घरात कुणाला सांगितलं नाही. दोन पाकिटं तशीच पडून होती.

मग मी रीतसर कागद तयार केला. झेरॉक्सच्या दुकानात बसून टाइप करून घेतला. हातानं लिहिलेल्या कागदाला वजन नसतं. ऐका:

‘विषय: अव्वल यांच्या वर्तणुकीत सुधारणा करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अव्वल यांस रोज सकाळी चहामधून सोबतची एक गोळी कुटून, त्यांस कळू न देता देण्यात यावी. वर्तणुकीची नोंद विहित नमुन्यात घेऊन दर रविवारी बंद पाकिटातून, गफूरमार्फत, जेथून कागद आला तेथे परत करावी.’

कचेरीच्या भाषेत बोकडालाही ‘यांस’ लागतं. सवय! ‘बोकड’ हा शब्द मात्र कुठंही येऊ दिला नाही. जनावराला असलं काही खाऊ घातल्याचं प्रदर्शनवाल्यांना कळलं तर पंचाईत. खाली सहीही केली नाही. गोपनीय कागदावर सही करणारा कारकून निवृत्तीपर्यंत पोचत नाही.

सोबत तक्ता जोडला. रकाने असे: गोळी दिली काय, आहार, विनाकारण ओरडणे, आक्रमकता, आणि शेवटचा, ‘विरुद्धलिंगी घटकांकडे लक्ष’. उत्तर फक्त बरोबरच्या खुणेनं किंवा फुलीनं द्यायचं. लिहायला लावलं की लोक निबंध लिहितात.

गोळ्यांसकट हे सगळं पाकिटात घातलं, वर लिहिलं ‘अव्वल. गोपनीय.’ आणि हॉटेलात गफूरच्या हातात दिलं.

“हे अव्वलचं आहे,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “जसं लिहिलंय तसं झालं पाहिजे. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, माझ्याजवळसुद्धा.”

“जी साहेब.”

बघा, मी त्याला नेमकं कोणतं वाक्य बोललो? आलं लक्षात? तुमच्या आलं. माझ्या तेव्हा आलं नाही!

पहिल्या रविवारी गफूरनं बंद पाकीट आणून दिलं. मी घरी न जाता वाचनालयाच्या पायरीवरच फोडलं. आहाराला सातही दिवस बरोबर. विनाकारण ओरडणे: पहिले दोन दिवस बरोबर, मग फुली, फुली, फुली. आक्रमकता: एकदा बरोबर, मग फुल्याच फुल्या. शेवटचा रकाना तर पहिल्या दिवसापासून सरळ फुली! म्हटलं, वा रे गोळी!

बोकडाला बघायला मी एकदाही गेलो नाही. प्रयोग करणाऱ्यानं लांब राहावं, असं शास्त्र सांगतं. शिवाय तो धडक मारतो.

माझंही त्या दिवसांत बरं चाललं होतं. एरवी सकाळी पेपर हातात आला की मी संपादकावर ओरडतो, मग गॅसवाल्यावर, मग शेजारच्या भोंग्यावर, आणि तेवढ्यात कुणी उरलं तर बायकोवर. पण त्या पंधरवड्यात मन कसं तळ्यासारखं निवांत. भोंग्यावरचं भजन मी चक्क शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, ही ज्ञानाची शांती. एवढंच, की चहा जरा कडू आणि पातळ लागायचा.

“काय गं, चहाला चव का नाही?”

“पत्ती बदलली,” बायको पाठमोरी म्हणाली.

मी प्यायलो. वाद घातला नाही. मी! वाद घातला नाही! इथं तरी मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या रविवारी तर तक्ता म्हणजे फुल्यांचं शेत. मी तो खिशात घालून हॉटेलात गेलो आणि भर गर्दीत जाहीर केलं, “लिहून ठेवा. गफूरचा अव्वल आता गाय झालाय!”

“काय सांगता अव्वलसाहेब?” गल्ल्यावरचा नामदेव म्हणाला. “परवाच त्यानं ग्रामसेवकाची मोटरसायकल पाडली म्हणं.”

“जुनी बातमी असेल. प्रदर्शनात मी स्वतः दोरी धरीन. त्याला पाठ करून उभा राहीन. आणि परीक्षकासमोर चहा पाजीन, मग तर झालं? काय गफूर, खरं का नाही?”

गफूर छताकडं बघत म्हणाला, “साहेब बोल्ले तो बराबरच असेल.”

चारचौघांत साहेबाला खोटं पाडायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नियम. आणि मला तो होकार वाटला.

प्रदर्शनाचा दिवस. बाजार समितीचं आवार माणसांनी आणि जनावरांनी भरलेलं. परीक्षक म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या तरुण डॉक्टर मॅडम. मागच्या वर्षीची हकीकत त्यांच्या कानावर होती. त्या दहा हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, “काका, हाच का तो? मला धडकला तर याही वर्षी बाद करीन हं. मी आत्ताच सांगून राह्यले.”

“मॅडम, निश्चिंत या!” मी छाती काढली. गफूर दोरीमागं उभा होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत. त्याचा हात बोकडाच्या मानेवरून हलत नव्हता. आष्टीचा व्यापारी कुंपणाला टेकून शेंगा खात होता. तो बघितला आणि मी एक पाऊल मागं सरकलो. पण खिशात तक्ता होता!

मी दोरी घेतली. बशीत चहा ओतला. अव्वलनं तो फुर्रर करून संपवला, दाढी झटकली. मी त्याला पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि लोकांकडं बघून म्हणालो, “मंडळी, उत्तेजक पोटात गेलेलं आहे. आता विज्ञानाचा...”

‘चमत्कार’ हा शब्द मी हवेत उच्चारला.

खरंच सांगतो, वेदना नंतर. आधी फक्त प्रवास! मी बक्षिसांच्या टेबलावरून, फुलदाणीसकट, पलीकडं हारांच्या टोपलीत उतरलो. गळ्यात आपोआप दोन हार पडले. लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मान वळवून बघतो तर काय? अव्वल मूर्तीसारखा उभा! मॅडम भीत भीत पुढं गेल्या. दात बघितले, छाती मोजली, खूर उचलले. तो डोळे मिटून रवंथ करत राहिला. मॅडमनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तरी हू नाही की चू नाही!

“परीक्षकाला धडकला न्हाई,” मॅडम वहीत लिहीत म्हणाल्या. “अंगानं उत्तम, ताकद तर सगळ्यांनी बघितलीच. पैदाशीचा नर असाच पाहिजे. पहिला नंबर!”

गफूरनं बोकडाच्या गळ्याला मिठी मारली आणि हमसून रडला. रजियाभाभी बायकांच्या गर्दीतून ओरडली, “अव्वल अव्वल आला!” आष्टीचा व्यापारी टरफलं झटकून जीपकडं निघाला. आणि मी? मी हारांतून हात वर करून ओरडलो, “विज्ञानाचा विजय असो!” लोकांनी मला उचललं. उचलायला लागलंच असतं म्हणा, मला उठता येत नव्हतं.

संध्याकाळी मी घरी पलंगावर पालथा पडलो होतो, कमरेवर गरम पाण्याची पिशवी. गफूर आला, मागून विचारपूस करायला डॉक्टर मॅडमही आल्या. बायकोनं चहा टाकला. मी पालथ्याच पवित्र्यातून भाषण सुरू केलं. गोळीची सगळी हकीकत सांगितली. “एका धडकेवर थांबला, हा गोळीचाच गुण. हा बघा पुरावा!” म्हणून तक्ता काढून दाखवला.

मॅडम हसायच्या ऐवजी कडाडल्या. “काका! माणसाची गोळी जनावराला? न विचारता? काही झालं असतं म्हंजे? आणि हार्मोन अडवलं की उत्तेजकाचा जोर दर वेळी कमीच होतो, हे कुणी सांगितलं? जनावर कोणतं, मात्रा किती, आधी काय दिलं, त्यावर ते उलटंबी होऊ शकतं.”

‘मात्र’नंतरचं पान मला अखेर मिळालं.

तेवढ्यात बायको ट्रे घेऊन आली आणि जागीच थांबली.

“अहो, हा कागद तुमच्याकडं कसा आला? हा तर मी डॉक्टरला पाठवला व्हता.”

“तू? कोणत्या डॉक्टरला?”

“जालन्याच्या. तुमच्या गोळ्यावाल्या. तुम्ही गोळ्या लपवून ठेवल्यात ते काय मला माहीत नव्हतं? मंग त्यांचाच कागद आला, अव्वलला कळू न देता चहातून द्या म्हणून. गफूरभाईच तर घेऊन आल्ते.”

मी मान वळवून गफूरकडं बघितलं. मान तेवढीच वळत होती.

“साहेब, आप बोल्ले ना,” गफूर निरागसपणे म्हणाला, “हे अव्वलचं आहे. मंग मी अव्वलच्या घरी दिलं. गोपनीय लिहिलेलं, खोलणार कसा?”

“अरे, पण तुझ्या बोकडाचा उपाय...”

“मला वाटलं तो कागद अजून येयाचा हाय.”

मॅडमनी तक्ता हातात घेतला आणि रकाने मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. विनाकारण ओरडणे. आक्रमकता. मी पिशवीखाली तोंड लपवता येतं का ते बघितलं.

“मग मी शांत झालो तो गोळीनंच ना?” मी शेवटचा किल्ला लढवला.

“तुमच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा. पण असल्या गोळ्यांचा गुण यायला महिने लागतात म्हणं, पंधरा दिवसांत न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “काकू, चहात अजून काही बदल केल्ता का?”

“गोळीनं कडू व्हायचा, म्हणून पत्ती निम्म्याहून कमी टाकत व्हते.”

“झालं तर! उत्तेजकच कमी पडलं.”

“आणि बोकड?” मी क्षीणपणे विचारलं. “त्याला तर काहीच दिलं नव्हतं. तो एका धडकेत कसा थांबला?”

“तो रोजच थांबतो की साहेब,” गफूर म्हणाला. “सकाळी चहा झाला की एक धडक पाहिजे. एक झाली की दिवसभर बकरी. घरी भिंतीला मारतो, कधी बायकोला. मागच्या साली पहिली धडक परीक्षकसाबला लागली, इतकंच.”

“हे आधी का नाही बोललास?”

“आपने कभी पूछा न्हाई!”

म्हणजे बघा. लेख नाही, गोळी नाही, तक्ता नाही. बोकडाचा जीव वाचवला तो माझ्या बैठकीनं! पण वाचवला ना? पहिला नंबर आला ना? मी गावात आजही ताठ मानेनं फिरतो. कंबर ताठ व्हायला महिना लागला, ती गोष्ट वेगळी. जालन्याला जाऊन डॉक्टरांसमोर कबुलीजबाब दिला, गोळ्याही रीतसर सुरू केल्या. चहा मात्र पातळच मिळतो. तो आदेश अजून मागं घेतलेला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माझी अब्रू बरीच शिल्लक होती. पण आठ दिवसांनी गफूर सकाळी सकाळी दारात हजर. हातात सोनेरी काठाचा गुंडाळलेला कागद. आत आला, सवयीनं माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला.

“मॅडमनी दिला साहेब. बोल्ल्या, हे अव्वलचं आहे.”

बायकोनं तो उलगडला आणि मोठ्यानं वाचला. “नाव, अव्वल. गाव, जाफराबाद. उत्कृष्ट पैदाशीचा नर, प्रथम क्रमांक.”

मग तिनं मला चष्म्यावरून डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. त्या तक्त्यातला शेवटचा रकाना तिनंच भरला होता, हे विसरू नका.

“गफूरभाई,” ती कागद गुंडाळत म्हणाली, “हा परत न्या. चुकीच्या टेबलावर आलाय.”